काळी चारमध्ये सगळी स्टँडर्ड्स बसत नाहीत

सोलापुरात जॅझ चालत नाही, हे म्हणणं मला पटत नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर घेऊन वाढलेल्या गावाला इंग्रजी गाण्याचा बाऊ कशाला वाटेल? शिवाय सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला' सिनेमातून चिक चॉकलेटच्या ट्रम्पेटसकट हा बाज कधीच घरात आणून ठेवलाय. आपल्या भागातली गायिका जुनी स्टँडर्ड्स, म्हणजे जॅझवाले वर्षानुवर्षं गात-वाजवत आलेली ठरावीक गाणी, गायला उभी राहते आणि कार्यक्रम पडतो, तो माझ्या मते बहुतेक वेळा पट्टीमुळे.

गायिकेला पट्टी विचारली की उत्तर तयार असतं: काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा सा. ख्यालाला ते ठीक. तिथे सा ठरला की कुठवर उतरायचं, कुठवर चढायचं हे गाणारीच्या हातात. स्टँडर्डची चाल बांधलेली, तिचा तळ आणि टोक ठरलेलं. म्हणून पट्टी गाण्यागणिक बदलते. अमेरिकन संगीतकार गर्श्विनचं 'समरटाइम' (१९३५) घ्या. मध्य पंचमावर सुरू होतं आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, पंचमापर्यंत उतरतं. काळी चारचा सा धरला तर बहुतेक बायकांच्या गळ्यातून त्या मंद्र पंचमाला नुसता वारा निघतो. सा उचलून त्याच्या वरच्या पांढरी एक किंवा दोनवर न्या, गाणं बसतं. जी चाल मध्य सा सोडून फारशी खाली जात नाही आणि तार सप्तकात शिरते, तिला काळी चार चालेलही. आधी तळाचा स्वर शोधा, तो माइकवर स्वच्छ येतो का ऐका, मग वरचा तपासा. पुस्तकात छापलेली पट्टी तुमच्या गळ्यासाठी नसते.

पट्टी ठरली की त्याच पट्टीत कॉर्ड लिहिलेला कागद कीबोर्ड आणि बेस दोघांच्या समोर हवा. नाहीतर ऐन वेळी कीबोर्डवाला पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण दाबतो, बेसवाला जुन्याच पट्टीत राहतो, आणि पहिल्या चार मात्रांत सगळं उघडं पडतं.

कीबोर्डमधला तयार 'स्विंग' ठेका आणि कराओके ट्रॅक, दोन्ही बंद. गायिका ओळ मागे खेचते तेव्हा ड्रमरने लय घट्ट धरायची आणि पियानोने जागा सोडायची असते. ट्रॅक जागा सोडत नाही. संथ गाण्याला ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड, तर नकोच, ड्रमवर तारांचे ब्रश हवेत. ब्रश नसतील तर ड्रमरने काड्या खाली ठेवून पायाने फक्त हाय-हॅट, म्हणजे पेडलवरची झांजांची जोडी, दाबावा, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर.

बरीच स्टँडर्ड्स ३२ बारची (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ-आठ बारचे चार भाग: पहिला, पुन्हा तोच, मग वेगळ्या वळणाचा ब्रिज, शेवटी परत पहिला. म्हणजे १२८ मात्रांचं आवर्तन. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मिनिट चार सेकंद. वादकाचा सोलो चालू असताना गायिकेने पदर सावरत उभं राहायचं नाही, हे आवर्तन मोजायचं. सोलोनंतर ती पुष्कळदा थेट ब्रिजवर परत येते. ते आधी ठरलं नसेल तर ती ब्रिजवर आणि पियानो पहिल्या भागात, अशी फरफट होते. शेवटची ओळ तीनदा घेऊन संपवायचं असेल तर तबलेवाल्यांना समजावावं लागत नाही, तिहाई त्यांच्या अंगात असते.

स्कॅट, म्हणजे निरर्थक अक्षरांवर केलेली उत्स्फूर्त गायकी, येत नसेल तर घेऊ नका. तिथे सरगम घालून वर 'फ्यूजन' म्हणणं ही पळवाट आहे.

उच्चारांचंही तसंच. अमेरिकन हेल काढायची गरज नाही, पण 'लव्ह'मधला ह काढून टाका. तो माइकमध्ये फुस्स करतो, आणि या गाण्यांत तो शब्द काही कमी वेळा येत नाही. हळव्या ओळीला माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, आवाज चढला की वीतभर लांब. साउंडवाल्याला ऑर्केस्ट्राचा एको बंद करायला सांगा, नाहीतर एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

आणि टाळ्या. आपले लोक पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर देणार, स्विंगला हव्यात दुसऱ्या-चौथीवर. गायिकेने हात वर करून त्या दोन मात्रांवर चुटक्या वाजवून दाखवाव्यात. दोन आवर्तनांत फरक पडला नाही, तर पुढचं गाणं संथ घ्यावं.