नवरात्रातली पिसं

घट बसल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी परसात एवढी पिसं पडली होती, की धाबेवाल्यालाही लाज वाटावी. मी घाबरून कोंबड्या मोजल्या. चारही होत्या. फक्त सगुणा मागून पार उघडी पडली होती आणि तुळशीमागे तोंड लपवून उभी होती.

मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, आली की काय, म्हणून माझ्या पोटात गोळा. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. खाते का, मान वाकडी करते का, हगवण आहे का, असं सगळं विचारून ते म्हणाले, "काही झालेलं नाही. दिवस लहान व्हायला लागला की जुनी पिसं गाळतात. आठ ते बारा आठवडे चालेल. तोवर अंडी विसरा."

अंडी मी विसरलो. शेजार विसरेना. अजिंक्यताऱ्यावरनं जे वारं सुटतं, ते आमच्या परसातला कचरा इमानेइतबारे शेजारच्या काकूंच्या दारात पोचवतं. काकूंचे नऊ दिवसांचे उपास. एक तांबडं पीस चिमटीत धरून त्या कुंपणाशी आल्या.

"भाऊ, नवरात्रात तरी नको हो."

"काकू, जिवंत आहेत सगळ्या. मोजून बघा."

"असूं दे की. मी काय वाटा मागाय आलेय व्हय?"

त्यात डॉक्टरांनी सांगितलेलं, पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, तेव्हा खुराक वाढवा. नेहमीचं अंड्यावरचं खाद्य 16 टक्के प्रथिनांचं, आता 20 टक्क्यांचं घाला, वर शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट. पेंडीला कुणाची हरकत नव्हती. सुकट मात्र पिशवीतून घरात यायच्या आधी तिचा वास आईपर्यंत पोचला. आई माळ बांधत होती. तिने वळूनही न बघता विचारलं, "कुणासाठी?" मी म्हणालो, कोंबडीसाठी. अख्ख्या साताऱ्यात एवढं खरं आणि एवढं खोटं वाटणारं वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारलं नसेल. सुकट गाडीच्या डिकीत राहिली. गाडीला अजून वास येतो.

मग सगुणाला कोंब फुटले. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीसारख्या निळसर नळ्या, अंगभर, त्यातून पिसाचा कुंचला जेमतेम डोकावणारा. त्या नळीत रक्त असतं आणि नुसता हात लागला तरी कळ जाते, हे मला ती उचलल्यावर कळलं. तिने जी किंकाळी फोडली, ती राजवाड्यापर्यंत गेली असावी. काकू कुंपणापलीकडे कान देऊन उभ्याच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसते हात जोडले. मला की देवीला, ते कळलं नाही.

बाकीच्या तिघी तिच्या उघड्या कातडीवर चोच मारायला लागल्या, म्हणून तिला वेगळं डालग्याखाली ठेवली. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला परसात कोंबड्या तीनच दिसत.

दसरा गेला, दिवाळीही गेली. फराळाचं ताट द्यायला गेलो, तेव्हा काकूंनी "आमच्यात असलं चालत नाही" असा चेहरा करून चकल्या घेतल्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी त्या हळदीकुंकवाला आल्या. परसात सगुणा उन्हात उभी होती, मानेवर सोनेरी झाक, शेपटी काळीभोर, लग्नाला निघाल्यासारखी. काकू बराच वेळ बघत राहिल्या.

"नवी आणली व्हय?" त्या म्हणाल्या. "ब्येस आहे. आणि आधीची कशी निघाली?"