एक वृषण गेलं म्हणून बाप होता येत नाही, हे खोटं

कोल्हापुरातल्या तालमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मार लागून एक वृषण काढावं लागलं की मूल होत नाही, ताकद जाते. लगेच टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू करा.' यातले पहिले दोन दावे चूक आहेत, इंजेक्शनचा सल्ला घातक.

उरलेलं वृषण निरोगी असेल तर बहुतेकांना शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन, दोन्ही पुरतात. दाढी, आवाज, संबंध, बैठका मारायची ताकद, सहसा कशातच फरक पडत नाही. वीर्याचा बराचसा भाग तर प्रोस्टेट आणि शुक्राशयातून येतो, त्यामुळे तेही दिसायला तेवढंच. शंका असेल तर वीर्यतपासणी करा, पण दुखापतीनंतर सुमारे तीन महिन्यांनी. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो वृषणाला हुकूम द्यायचं थांबवतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. म्हणजे बाप व्हायची उरलेली सोयही आपल्याच हातानं घालवायची! दोन्ही वृषणं गेलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला हे औषध लागतं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि आखाड्यात असो वा झोपेत, एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आली, सूज दिसली, तर हळद लावून, लंगोट आवळून सकाळची वाट बघू नका. वृषणाला पीळ पडला असेल तर हातात साधारण ६ तास असतात. थेट सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, गाठा.