वसुलीवाल्याला खूष कसं ठेवावं

हप्ता चुकला की सगळ्यात आधी फोन उचलणं बंद करा. बँकेतून पत्र आलं तर फोडायचं नाही, वीजबिलांच्या गठ्ठ्यात सरकवून द्यायचं. काही उतावळे पहिल्याच महिन्यात शाखेत जाऊन ‘नोकरी गेलीय, हप्ता कमी करा, मुदत वाढवा’ असं लेखी देऊन येतात. त्यांचं कर्ज कधीकधी खरंच नव्याने बांधून मिळतं आणि पुढची सगळी मजा हुकते. तुम्ही दम धरा. 90 दिवस थकलं की खातं रीतसर एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं होतं, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीच तुमची फाइल एखाद्या वसुली एजन्सीतल्या पोराच्या हातात पडलेली असते.

दरम्यान क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढं नेमाने भरत राहा. समजा कार्डावर 1,00,000 रुपये थकलेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झालं 3,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 630. तुम्ही मोठ्या मनाने 5,000 भरलेत, मुद्दल उतरली 870 रुपयांनी. पण त्या महिन्यापुरतं बँक तुम्हाला थकबाकीदार म्हणत नाही आणि तुम्ही स्वतःलाही म्हणत नाही. 4,130 रुपयांत महिनाभराची झोप, स्वस्तच पडली.

हेही जमेनासं झालं की दुसरं कर्ज काढून पहिलं फेडा. ॲपवर पाच मिनिटांत पैसे येतात. ते ॲप तुमच्या फोनमधली सगळी नावं-नंबर बघायची परवानगी मागेल, देऊन टाका. कर्ज देणाऱ्या ॲपने ग्राहकाच्या कॉन्टॅक्ट लिस्टला, फोटोंना, कॉल लॉगला हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 सालीच सांगून ठेवलंय. म्हणजे आपण नियमाबाहेरचे आहोत हे ॲपने पहिल्याच पडद्यावर कबूल केलं. इतक्या प्रामाणिक माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

आता फोन. तो सकाळी पावणेसातला येतो, दूध तापत असताना. ‘बोला सर, आज किती टाकताय?’ तुम्ही म्हणता, पगार झाला की बघतो. ‘सर, हे तुम्ही मागच्या वेळी पण बोललात. मग मिसेसना लावू का फोन? का एचआरला लावू?’ इथे तोंडातून चुकूनही नियम काढायचा नाही. वसुलीचा फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करायचा नाही, धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना छळायचं नाही, असं रिझर्व्ह बँक म्हणते. वसुली एजंटांसाठी तिने 100 तासांचं प्रशिक्षणही नेमून दिलंय. त्यात मेहुण्याचा नंबर शोधून काढण्याचा धडा नसावा, तो पोरगं स्वतःच्या हुशारीवर शिकलेलं असतं. त्याचं नाव, एजन्सीचं नाव, ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र असलं काही विचारून त्याचा उत्साह मारू नका. फोन रेकॉर्ड तर मुळीच करू नका. बाल्कनीत जा, दार ओढून घ्या आणि आवाज खाली आणून म्हणा, ‘दादा, सोमवारपर्यंत थांबा ना.’ आपल्या मुलाच्या वयाच्या पोराला दादा म्हणायची सवय लवकर होते.

(त्या पोरावर माझा फारसा राग नाही. त्याला महिन्याचं टार्गेट असतं आणि कमिशनवर घर चालवायचं असतं. त्याच्या बाइकचा हप्ताही थकलेला असला तर मला नवल वाटणार नाही.)

पर्सनल लोनला तारण लागत नाही, असं जाहिरातीत म्हणतात. कोण म्हणतं लागत नाही? घर नाही, सोनं नाही, म्हणून तुमची अब्रू धरतात, आणि तिची किंमत तुम्हीच वाढवून सांगता. कोर्टात दावा लावायला वकील लागतो, वर्षं जातात. गेटवरच्या वॉचमनला ‘चारशे दोनवाले साहेब घरी असतात का हो, कर्जाचं काम होतं’ एवढं विचारायला छदाम लागत नाही. म्हणून घरात कोणाला काही सांगू नका. बायकोला आधीच माहीत असेल तर तिला फोन लावायची धमकी फुकट जाईल. भाऊ, साडू, साहेब, सगळ्यांना तुमच्याच तोंडून आकडा कळला तर त्या बिचाऱ्या पोराने तुम्हाला भीती घालायची कशाची? दुसऱ्याच्या पोटावर पाय आणू नये.

पूर्वीच्या लोकांना एवढी रीत नव्हती. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे बाहेर काढून जाळून मोकळे झाले. लोण आसपासच्या गावांत गेलं, सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्यांची अडचण अशी की कोणावर किती कर्ज आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, त्यामुळे लपवायला काही उरलंच नव्हतं. तुम्ही सुसंस्कृत आहात. शिवाय तुम्ही जाळणार काय, सर्व्हर?

मग व्हॉट्सॲपवर नोटीस येईल. वर तीन सिंह, मध्ये तराजू, खाली लाल अक्षरांत ‘अटक वॉरंट’, ‘लोकअदालत’ आणि ‘कलम 420’. वाचून हातपाय गळू द्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणूक 318 व्या कलमात गेली, ही बातमी त्या ‘लीगल डिपार्टमेंट’पर्यंत अजून पोचलेली नाही, पण तुम्ही कशाला कळवता? हप्ता भरायला पैसे नसणं हा गुन्हा नाही, दिवाणी मामला आहे. लोकअदालतीत दोन्ही बाजू राजी झाल्या तरच तडजोड होते, तिथे कोणी कोणाला बेड्या घालत नाही. ‘घरातली भांडी उचलून नेऊ’ असंही ऐकवतील. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 म्हणतं की स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, नेसूचे कपडे आणि धर्माच्या रीतीने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने खुद्द कोर्टालाही जप्त करता येत नाहीत. म्हणजे कोर्टाला जे जमत नाही ते हा टेम्पो घेऊन येऊन करणार. माणूस कर्तबगार आहे, घाबरायलाच हवं.

घाबरलात की तो मार्ग काढून देईल: ‘सर, एक चेक सही करून द्या, मी वरती सांभाळून घेतो.’ द्याच. खात्यात पैसे नसताना दिलेला तो चेक परत गेला आणि नोटीस देऊनही भरणा झाला नाही, की मामला चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) 138 कलमाखाली फौजदारी होतो, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्हॉट्सॲपवरच्या तीन सिंहांना जे साधलं नाही ते तुमच्या एका सहीने साधून जाईल.

शेवटी सेटलमेंट. ‘साडेतीन लाखांचं प्रकरण सव्वा लाखात मिटवतो, ऑफर आज रात्रीपर्यंतच.’ आज रात्रीनंतर तशीच ऑफर मार्चअखेरीला पुन्हा येते हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसावं. बँकेच्या लेटरहेडवर पत्र मागू नका: कर्जखाते क्रमांक, ठरलेली रक्कम, शेवटची तारीख, ‘यानंतर येणं बाकी नाही’ असलं रुक्ष काही. माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही? बायकोच्या पाटल्या-बिलवर मोडा आणि पैसे सरळ त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर टाका. काही महिन्यांनी दुसऱ्या एजन्सीतून दुसरं पोरगं विचारेल, ‘कुठले सव्वा लाख, सर?’ मग तुमच्याकडे दाखवायला एक स्क्रीनशॉट असेल, आणि तोही जुन्या फोनमध्ये. आणि समजा पैसे योग्य जागी पोचले, तरी सिबिलच्या, म्हणजे सगळ्यांच्या कर्जाची कुंडली ठेवणाऱ्या कंपनीच्या, अहवालात ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) नाही, ‘सेटल्ड’ (तडजोडीत मिटवलं) लागतं. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की समोरचा साहेब तेवढा एकच शब्द वाचतो. हे पैसे भरण्याआधी कोणी सांगत नाही, मीही सांगायला नको होतं.

मी दिवाळखोरीच जाहीर करतो, असं काही जण रागाने म्हणतात. जरूर करा. मुंबईकरांना 1909 चा कायदा आहे, बाकीच्या महाराष्ट्राला 1920 चा नादारीचा. 2016 च्या नव्या संहितेत तर कर्ज पुसून नव्याने सुरुवात करायची सोयच लिहून ठेवलीय. अटी सोप्या: वर्षाचं उत्पन्न 60,000 च्या आत, मालमत्ता 20,000 च्या आत, माफ व्हायचं कर्ज 35,000 च्या आत, आणि मालकीचं घर नको. अशा माणसाला क्रेडिट कार्ड कोणी दिलं, हा प्रश्न संहितेला पडलेला नाही. पडायची घाईही नाही, कारण तो भाग तुमच्या-आमच्यासाठी अजून लागूच झालेला नाही. कंपनीचं कर्ज बुडालं की त्याला ‘हेअरकट’ म्हणतात आणि तो एसी खोलीत होतो.

राहता राहिली तक्रार. बँकेला लेखी द्यायची, 30 दिवस वाट बघायची, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज करायचा. फी नाही, वकील लागत नाही, 14448 वर विचारलं तर माहितीही मिळते. पण तुम्ही या भानगडीत पडू नका. त्या अर्जात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहावं लागतं, मग कर्जाचा आकडा, आणि कोणीतरी अनोळखी माणूस ते वाचणार. शिवाय तक्रारीला नंबर मिळाला की वसुलीचा पोरगा पुढच्या खेपेस सकाळी 8 नंतर फोन करतो, ‘नमस्कार सर’ म्हणतो आणि मेहुण्याचं नाव विसरतो. त्याची इतक्या महिन्यांची मेहनत वाया घालवायची तुमची छाती होणार नाही, हे त्यालाही माहीत आहे.