वेडेलिया लावण्याआधी एवढे वाचा

"लॉन काढा, वेडेलिया लावा. पाणी नको, कापणी नको, तण येत नाही, बारा महिने पिवळी फुले. शिवाय हाच आयुर्वेदातला पिवळा माका!" अशा आशयाचा मजकूर सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतो आहे. लॉन काढायला माझी अजिबात हरकत नाही. १००० चौरस फूट लॉनला मे महिन्यात रोज ५ मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी साडेचारशे लिटरहून जास्त लागते, आणि त्याच दिवसांत पुण्याच्या कडेच्या कित्येक सोसायट्या टँकरची वाट बघत असतात. हे पाणी वाचायलाच हवे. पण वेडेलिया ही पिवळ्या फुलांची, जमिनीवर पसरणारी वेल हा त्यावरचा उपाय नव्हे.

आधी माक्याचे बोलू, कारण तिथे औषधाचा प्रश्न आहे. पिवळा माका ही आपल्याकडची वेगळी वनस्पती. तिचे पान लांबट आणि अखंड असते. नर्सरीतल्या वेडेलियाचे पान तुकतुकीत असते आणि त्याला बहुधा तीन खंड पडतात. ती मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडून आलेली. फुले सारखी दिसतात म्हणून तिचा पाला तेलात उकळू नका.

"कापणी नको" हे तर कुठल्याही माळ्याला विचारा. वेडेलिया हरळीसारखी जमिनीला चिकटून राहत नाही. ती फूटभर चढते, एकावर एक थर साचतात, आणि कडा सतत छाटत राहाव्या लागतात. आमच्या इमारतीच्या कुंपणालगत हौसेने लावली होती. दोन पावसाळ्यांत ती फरसबंदीवर आली आणि कुंपणापलीकडे नाल्यात उतरली. मुलांना खेळायलाही तिचा उपयोग नाही. मऊ, रसदार खोडे पायाखाली चिरडतात.

पाण्याचे म्हणाल, तर थोडा ताण ती सोसते. पण तिचा खरा जोर ओल्या जागी. केरळात ओढ्याकाठी, रस्त्याकडेला तिचे गालिचेच्या गालिचे दिसतात.

तण येत नाही, हे मात्र खरे. कारण ती खाली दुसरे काही उगवूच देत नाही. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच. खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, त्यामुळे छाटलेला एक तुकडा ओल्या मातीत पडला तरी नवे रोप तयार होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञगटाने जगातल्या १०० अतिउपद्रवी परक्या प्रजातींची यादी केली, तिच्यात ही वेल आहे. त्याच यादीत घाणेरी आहे, जलपर्णीही आहे. त्या दोन्ही वनस्पती शोभेसाठीच आणल्या गेल्या होत्या. आज टेकड्यांवर आणि मुळा-मुठेत त्यांचे काय झाले आहे, ते आपण रोज पाहतो.

फुलांवर मधमाश्या येतात, हेही मान्य. त्या जलपिंपळीवरही येतात, आणि जलपिंपळी आपल्या नदीकाठची, बांधावरची आहे. भरपूर ऊन आणि बेताची वर्दळ असेल तिथे मी तीच लावीन. ती जमिनीसरपट राहते, तिला लॉनपेक्षा कमी पाणी पुरते. फुले भरात असताना मधमाश्यांपासून अनवाणी पोरांना तेवढे सांभाळा. ओल टिकणाऱ्या अर्ध्या सावलीत मंडूकपर्णी छान पसरते. रणरणत्या उन्हात, जिथे कोणी चालत नाही, तिथे ऑफिस टाइम नावाचे फुलझाड (पोर्चुलाका) लावा. आंब्याखालच्या गडद सावलीत काहीच लावू नका, पालापाचोळा राहू द्या. मुले रोज क्रिकेट खेळतात त्या तुकड्यावर साधी हरळीच ठेवा. उन्हाळ्यात ती पिवळी पडेल, पडू द्या. वळवाचे दोन पाऊस झाले की पुन्हा फुटते. दख्खनचे गवत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत हिरवे नसतेच.

वेडेलिया आधीच लावली असेल, तर पावसाळ्याआधी जमीन कोरडी असताना मुळांसकट उपटा. पेरे वेचून काढा, गच्चीवर कडकडीत वाळवा, मगच खतात टाका. ओला कचरा नाल्यात किंवा टेकडीवर मुळीच फेकू नका. पहिल्या पावसानंतर पुन्हा एक फेरी मारा, राहिलेले तुकडे तेव्हा फुटलेले दिसतात.