दिवाण, दिवाणबहादूर आणि अण्णासाहेब लठ्ठे

कोल्हापूर संस्थानचे दिवाण आणि पुढे मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्याबद्दल एक मजकूर सध्या कोल्हापुरात फोनाफोनी फिरतोय. दिवाणबहादूर होते म्हणजे ते इंग्रजांचे माणूस. शाहू महाराजांचं चरित्र त्यांनी दिवाण असताना दरबारच्या पगारावर लिहिलं, म्हणजे ती भाटगिरी, म्हणून विकिपीडियावरच्या लठ्ठ्यांच्या लेखातून तो संदर्भ काढून टाका. आणि हे सगळं ढीगभर संकेतस्थळांवर आहे, म्हणजे खरंच. त्या लेखाचे संदर्भ मी गेले काही दिवस तपासतोय, म्हणून उत्तर देतो.

आधी चरित्राचं. महाराज गेले 6 मे 1922 ला. लठ्ठ्यांचं इंग्रजी चरित्र छापून आलं 1924 मध्ये. लठ्ठे दिवाण झाले ते त्यानंतर, शाहूंचे पुत्र राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत. ‘दिवाण असताना लिहिलं’ हे विधान पुस्तकाचं प्रकाशनवर्ष बघितलं तरी कोसळतं.

भाटगिरीचं म्हणाल तर 1914 चं डांबर प्रकरण आठवा. कोल्हापुरातल्या ब्रिटिश राजाच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं आणि संशय लठ्ठ्यांवर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पूर्वी जैन बोर्डिंगात राहिलेल्या एका तरुणावर दबाव आला. तरुण बधला नाही. तो म्हणजे पुढे ‘रयत’ उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील. लठ्ठे कोल्हापूर सोडून बेळगावला गेले, वकिली करू लागले. ज्या राजाच्या राज्यात हे सोसलं, त्याच राजाचं चरित्र या माणसाने दहा वर्षांनी लिहिलं. याला भाटगिरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते पुस्तक तटस्थ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. लठ्ठे ब्राह्मणेतर चळवळीतले, वादात स्वतः उतरलेले. म्हणून त्यातलं मत ‘लठ्ठ्यांच्या मते’ असं नाव घेऊनच द्यायचं, आणि जिथे ते स्वतःबद्दल बोलतात तिथे दुसरा, स्वतंत्र संदर्भ शोधायचा. पण संदर्भ एकतर्फी आहे म्हणून फेकून दिला, तर त्या काळातलं एकही पुस्तक टेबलावर उरणार नाही.

‘दिवाणबहादूर’वरून तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालीय. दिवाण हे संस्थानचं पद. दिवाणबहादूर हा ब्रिटिश सरकारने दिलेला किताब, रावबहादूरच्या वरचा. लठ्ठ्यांकडे दोन्ही होतं, म्हणून वाचणारा फसतो. किताब होता हे लेखात लिहायलाच हवं, पण तिथे थांबून कसं चालेल? हेच लठ्ठे 1937 मध्ये बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. 1 ऑगस्ट 1939 पासून मुंबईत दारूबंदी आली. अबकारीचं उत्पन्न बुडणार म्हणून शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसवायचा वाईटपणा अर्थमंत्र्याच्या वाट्याला आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढलं म्हणून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. इंग्रजांच्या माणसाचा हा प्रवास असतो?

राहिली ती ढीगभर संकेतस्थळं. मी मजकूर शेजारी शेजारी लावून वाचले. वाक्यं तीच, एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूकसुद्धा पुढे तशीच उतरलेली. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. मोजायला गेलं तर तो एकच संदर्भ. कोल्हापूरकरांना हे नवीन नाही. शाहू महाराजांचा जन्मदिवस आपण कितीतरी वर्षं 26 जुलैला साजरा केला. कागद तपासल्यावर 26 जून 1874 ही तारीख पुढे आली.

सध्या लेखात चरित्राचा संदर्भ ठेवलाय, मतांपुढे लठ्ठ्यांचं नाव घातलंय. मंत्रिपदाच्या परिच्छेदाला विधिमंडळातल्या चर्चांचे छापील खंड लावतोय. दिवाणपदाच्या नेमणुकीची तारीख करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटातून घ्यायचीय. तोवर त्या ओळीपुढे ‘संदर्भ हवा’ असंच राहील.