कारखाने हलतील तेव्हा हलतील, काचांचं काय?

डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला, २३ मे २०२४ ला पुन्हा झाला. दोन्ही वेळा लांबलांबच्या सोसायट्यांच्या काचा फुटल्या आणि वादही तोच रंगला: आधी कारखाने आले की घरं? कारखाने हलवायलाच हवेत, याबद्दल दुमत नाही. पण ते हलेपर्यंत खिडकीत कोणती काच असावी, यावर कोणी अवाक्षर काढत नाही. फ्रान्समधून हा वाद वाचताना तेच खटकतं.

इथे २१ सप्टेंबर २००१ ला तुलूझच्या खत कारखान्यात सुमारे ३०० टन अमोनियम नायट्रेट उडालं. ३१ माणसं गेली, जखमी अडीच हजारांच्या घरात, आणि त्यांत काचेने कापलेले भरपूर. त्यानंतर ३० जुलै २००३ च्या कायद्याने धोकादायक कारखान्यांभोवती स्फोटाच्या लाटेच्या दाबाच्या रेषा आखणं सुरू झालं. २० मिलिबारला काचा फुटतात, ५० ला इमारतीचं किरकोळ नुकसान, १४० ला गंभीर. सगळ्यात बाहेरचा, म्हणून सगळ्यात जास्त घरं पोटात घेणारा पट्टा २० ते ५० चा.

२० मिलिबार ऐकायला किरकोळ वाटतं. चार बाय पाच फुटांच्या खिडकीवर तो पावणेचारशे किलोंचा भार होतो. मुंबईसाठी भारतीय बांधकाम संहितेतला ४४ मीटर प्रतिसेकंद वारा धरला तरी त्याचा मूळ दाब जेमतेम १.२ किलोपास्कल येतो; २० मिलिबार म्हणजे २ किलोपास्कल, आणि स्फोटाकडे तोंड केलेल्या भिंतीवर लाट परतत असल्याने जवळपास दुप्पट. साधी काच वाकून ताण झिरपवू शकत नाही. कडेच्या बारीक चरेपासून तडा सुटतो आणि सुऱ्यांसारखे तुकडे खोलीत येतात. मागोमाग उलटी ओढ लागते, म्हणून उरलेल्या काचा रस्त्यावर पडतात. बाहेरचं ग्रिल यातलं काहीच अडवत नाही.

बिल्डर ‘टफन्ड’ (तापवून कणखर केलेली) काच सांगून मोकळा होतो. ती ताकदवान खरी, पण फुटली की चुरा होऊन खिडकी रिकामी. हवी लॅमिनेटेड: दोन काचांमध्ये पीव्हीबी या चिवट प्लास्टिकचा थर. ३+३ मिमी काच आणि ०.३८ मिमीचा थर ही बाजारातली किमान जोडी, स्फोटासाठी १.५२ मिमीचा थर बरा. जुन्या काचेला आतून किमान १०० मायक्रॉनची प्लास्टिक फिल्म लावता येते, पण ती काचेच्या दिसणाऱ्या भागापुरतीच चिकटवली तर अख्खं तावदान एकसंध आत येतं. फिल्मची कड चौकटीला सिलिकॉनने बांधावी लागते. आपली सरकती खिडकी इथेच मार खाते: शटर रुळात काही मिलिमीटरच बसलेलं, चौकट गिलाव्यात चार स्क्रूंवर. काच टिकली तरी शटर सुटतं. चौकट पकडणारे अँकर (रोवलेले बोल्ट) गिलाव्यात नव्हे, काँक्रीटमध्ये किंवा भरीव विटेत हवेत.

आरसीसी सांगाड्यातली साडेचार इंची भिंत २० ते ५० मिलिबारच्या पट्ट्यात बहुतेकदा तगते, त्यामुळे पैसा आधी खिडकीत घालावा. कारखान्याच्या जवळ मात्र भिंतीचाही विचार हवा. वीटकाम दाबलं जाणं सोसतं, ताणलं जाणं नाही. बीमखालचा शेवटचा थर घट्ट भरलेला असेल तर भिंत वर-खाली अडकून कमानीसारखी तोलते. प्रत्यक्षात तिथे विटांचे तुकडे कोंबून मसाला लोटलेला असतो, तो आकसतो, फट गिलाव्याखाली लपते आणि झटका आला की भिंत सुटी होऊन आत कोसळते. एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक हलके, म्हणून क्षणिक झटक्याला त्यांचं वजनही कामी येत नाही. आतल्या बाजूने कॉलमला आणि बीमला बांधलेली जाळी, वर गिलावा, हा परवडणारा उपाय. नुसती सांध्यावर मारलेली चिकन मेश यासाठी नव्हे.

फ्रान्समध्ये अशा कामांच्या खर्चाची विभागणी अशी ठरली: ४० टक्के करसवलत, २५ कारखान्याकडून, २५ स्थानिक संस्थांकडून, उरलेले १० घरमालकाचे, घरामागे २०,००० युरोंची कमाल मर्यादा. म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. कामं वर्षानुवर्षं रखडली. कंत्राटदाराचं कोटेशन मिळवणं, फॉर्म भरणं, यातच म्हातारी माणसं थकतात. पण कारखान्याने शेजाऱ्याच्या खिडकीचा वाटा उचलायचा, हे तत्त्व कायद्यात आलं. डोंबिवलीत कारखान्यांकडून एवढं मागायला स्थलांतराचा मुहूर्त लागत नाही, आणि पुनर्विकासाच्या करारात लॅमिनेटेड काच व अँकरचं अंतर लिहून घ्यायला तर सरकारही लागत नाही.