डिस्टिंक्शनचे पेढे

सोलापुरात पेढे वाटले गेले, त्यात माझी चूक एवढीच की मी आईला टक्के सांगितले.

पण ते पुढे. माझा स्वतःचा पाचवीचा प्रवेश चहा येईपर्यंतच्या वेळात झाला होता. आमच्या वेळी चौथीपर्यंत म्युनिसिपालटीची शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल. अण्णांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं. हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं आणि एकोणतीसाचा पाढा म्हणायला सांगितलं. मी ‘एकोणतीस पंचे पंचेचाळासे’पर्यंत पोचलो आणि त्यांचा चहा आला. पाढा थांबला, प्रवेश पक्का झाला. वर्गात बहात्तर मुलं होती, मी त्र्याहत्तरावा. बाकावर जागा नव्हती म्हणून पहिला महिना मी खिडकीत बसून शिकलो.

आता मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहतो, जॅक्सन हाइट्सला. डोक्यावरून सात नंबरची ट्रेन खडखडत जाते, खाली मोमोच्या गाड्या, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कढीपत्त्यापासून कुंकवापर्यंत सगळं मिळतं. इथे पाचवी संपली की सहावीपासून मिडल स्कूल, आणि त्यासाठी पाचवीतच अर्ज. चिरंजीव पाचवीत गेले तो सप्टेंबर आणि निकाल लागला तो एप्रिल, या मधल्या काळात आमच्या घरात भाजीला मीठ कमी आहे की जास्त यावरसुद्धा कुणी बोललं नाही.

अर्जात बारापर्यंत शाळा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. पूर्वी बऱ्याच शाळा चौथीचे मार्क, हजेरी वगैरे बघून मुलं निवडायच्या. कोविडमध्ये ते थांबवलं, पुढे काही ठिकाणी परत आलं, पण आमच्या भागातल्या बहुतेक शाळांना आता लॉटरी. हे ऐकल्यावर मला आधी हायसं वाटलं. अभ्यास नाही, क्लास नाही, मुलाखत नाही. आपण काही करायचंच नाही! मग रात्री दोन वाजता जाग आली. आपण काहीच करू शकत नाही?

ऑफिसात माझा एक तेलुगू मित्र आहे. त्याच्या दोन मुली या चरकातून पिळून निघाल्या आहेत, त्यामुळे तो आता प्रवेशतज्ज्ञ. त्याने मला जेवणाच्या सुट्टीत फळ्यावर आकृती काढून समजावलं. १९६२ साली गेल आणि शॅप्ले या दोन गणित्यांनी कॉलेजप्रवेश आणि लग्नं जुळवायची एक रीत शोधून काढली. पुढे आल्विन रॉथ नावाच्या अर्थतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती न्यूयॉर्कच्या हायस्कूल प्रवेशांना लावली, आणि २०१२ साली शॅप्ले आणि रॉथ यांना नोबेल मिळालं. त्याच कुळातली रीत आता मिडल स्कूललाही. विद्यार्थी आधी पहिल्या पसंतीच्या शाळेला मागणी घालतो. शाळा ‘बघू’ म्हणून ठेवून घेते. त्याहून वरचं स्थळ सांगून आलं की आधीच्याला नारळ. तो बिचारा दुसऱ्या पसंतीकडे जातो.

“अरे, हे तर आमच्या मावशीचं लग्न,” मी म्हणालो.

“म्हणून तर सोपं आहे. यात डावपेच चालत नाहीत. तुला ज्या क्रमाने शाळा आवडतात त्याच क्रमाने लिही. कुठली शाळा कितवी लिहिलीस ते शाळेला दिसतही नाही. खरं लिहिणं हाच सगळ्यात फायद्याचा मार्ग, असं गणिताने सिद्ध केलंय.”

आता मला सांगा, सोलापुरात वाढलेला, रेल्वे बुकिंगपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्या रांगांतून तावून सुलाखून निघालेला माणूस यावर विश्वास ठेवील? खरं लिहा आणि फायदा होईल, हे आम्हाला अण्णांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मी ताबडतोब ‘मग खोटं कसं लिहायचं’ याचा विचार सुरू केला. माझं एक्सेल तीन आठवड्यांत एकोणीस रकान्यांचं झालं. बायकोने त्यात विसावा घातला, ‘तुझं डोकं ठिकाणावर आहे का’, आणि खाली सगळीकडे ‘नाही’ भरलं.

मग शाळा बघायचे दिवस आले. सकाळी आठला एका शाळेच्या जिममध्ये आम्ही दोनेकशे पालक उभे. वॉर्निशचा आणि मोज्यांचा मिसळलेला वास. समोर मुख्याध्यापिका बोलताहेत, आणि मागे भिंतीवर बास्केटबॉलच्या रिंगला कुणाचं तरी जॅकेट अडकलेलं. सगळं भाषण होईपर्यंत मी त्या जॅकेटकडेच बघत होतो. शिस्तीच्या रकान्यात किती गुण द्यायचे? प्रश्नोत्तरांत पहिला हात माझ्या पुढच्या गृहस्थांचा.

“आठवीत अल्जिब्राची रीजेंट्स परीक्षा देता येते का?”

रीजेंट्स म्हणजे न्यूयॉर्क राज्याची हायस्कूलची परीक्षा. दुसरा हात, तिसरा हात, प्रश्न तोच, शब्द वेगळे. मुलं अजून अपूर्णांकांत चाचपडताहेत आणि बापांचं अल्जिब्रा सुरू झालंय. मीही विचारलं. न विचारता घरी कुठल्या तोंडाने जाणार?

नंतर सहावीतली एक मुलगी आम्हाला इमारत दाखवायला आली. फार प्रामाणिक पोर. “ही लायब्ररी. ही सायन्स लॅब, इथे एकदा आग लागली होती, पण छोटी. हे बाथरूम, याचं दार लागतं.” हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की मी वहीत लिहून घेतलं, ‘दार लागतं’. सगळ्या वहीत खात्रीची माहिती तेवढीच.

चिरंजीवांनी एकच प्रश्न विचारला, “लॉकर आहे का?”

“नाही. कोट दिवसभर पाठीवर.”

त्यांच्या लेखी ती शाळा तिथेच संपली. माझ्या यादीत ती पहिली होती.

नंबर आला तो ऑक्टोबरातल्या एका रात्री. लॉटरीचा नंबर म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर ‘महाराष्ट्र राज्य’ छापलेलं तिकीट होतं. हा निघाला बत्तीस अक्षरांचा. आकडे शून्य ते नऊ आणि पुढे इंग्रजी ए ते एफ, म्हणजे दहा ते पंधरा. तेलुगू मित्राला फोन लावला. तो म्हणाला, फक्त पहिली दोन अक्षरं बघ. शून्याने सुरू झाला तर राजयोग, एफने सुरू झाला तर बॅग भरून न्यू जर्सीला जा. आमचा नंबर ‘सी४’ने सुरू होत होता. सी म्हणजे बारा, बारा गुणिले सोळा अधिक चार, एकशे शहाण्णव, भागिले दोनशे छप्पन्न.

“साडेशहात्तर टक्के,” तो हळू आवाजात म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट सांगतात तसा.

म्हणजे लॉटरी असलेल्या कुठल्याही शाळेच्या दारात शंभर मुलं उभी असली तर शहात्तर आमच्या पुढे. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळ, तिच्या मागे देवघरातली उदबत्ती.

“आला का रे पोराचा नंबर? किती?”

मी खचलेलो होतो. मोघम म्हणालो, “शहात्तर टक्के.”

फोन पालथा पडला. पडद्यावर नुसतं सतरंजीचं टोक, पण आवाज येत होता. ती अण्णांना हाका मारत होती, “अहो, डिस्टिंक्शन! पोराला डिस्टिंक्शन मिळालं अमेरिकेत!” मी ओरडून सांगत होतो, आई, हे तसले टक्के नाहीत, यात जास्त म्हणजे वाईट. पण आमच्या घराण्यात शहात्तर टक्के हा आकडा आजवर कुणी पाहिलेला नाही. मला अठ्ठावन्न होते. संध्याकाळपर्यंत सिद्धेश्वराला नारळ फुटला होता आणि पेढे दोन गल्ल्या ओलांडून गेले होते. दुसऱ्या दिवशी मामांचा मेसेज, ‘बापावर गेला नाही, देवाची कृपा.’

डिसेंबरात अर्ज गेला. रात्री साडेअकरापर्यंत मी शाळा वरखाली करत होतो. शेवटी बायकोने लॅपटॉप ओढून घेतला, अगदी घरासमोरची, आमच्याच हद्दीतली शाळा सातवी टाकली आणि बटण दाबलं. हद्दीतल्या मुलांचा तिथे मान आधी असतो. मी म्हणालो, “ती कशाला? ती तर मिळणारच आहे.” ती म्हणाली, “म्हणूनच.”

एवढ्यावर शहाण्या माणसाने गप्प बसावं. पण चार्टर शाळा राहिल्या होत्या ना. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण सरकारी खात्याबाहेरच्या मंडळाने चालवलेली शाळा. फी नाही, प्रवेश लॉटरीने, अर्ज वेगळा. न्यूयॉर्क राज्यात १९९८ पासून त्यांचा कायदा आहे आणि संख्येवर मर्यादाही. शहराच्या वाट्याचे नव्या चार्टरांचे परवाने २०१९ मध्ये संपले. पुढे २०२३ मध्ये, बंद पडलेल्या जुन्या चार्टरांच्या परवान्यांपैकी चौदा शहराला पुन्हा वाटून दिले, म्हणजे मेलेल्या शाळांचे परवाने जिवंत केले. अर्जाची मुदत १ एप्रिल. त्या तारखेवर रांगेतलं कुणीही हसलं नाही.

मी चार अर्ज भरले. प्रत्येकात एक प्रश्न होता, ‘या शाळेत विद्यार्थ्याचं भावंड आहे का?’ भावंडांना आधी जागा. मी बायकोकडे बघितलं. तिने ज्या नजरेने बघितलं त्यावरून मी ‘नाही’वर टिचकी मारली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

एका चार्टरची प्रतीक्षायादी लागली तेव्हा आमचा क्रमांक होता तीनशे बारा. मी तिथल्या बाईंना फोन करून विचारलं, “यादी किती सरकते?” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “सर, गेल्या वर्षी बरीच सरकली. एकोणीसपर्यंत.”

मजा म्हणजे या शहरात मुलं कमी झालीत. कोविडच्या आधी सरकारी शाळांत दहा लाख होती, आता नऊ लाखांच्या आसपास. शेजारच्या जिल्ह्यात शाळा ओस पडल्याच्या बातम्या येतात. पण पालकांच्या जिभेवर नावं त्याच चार-पाच शाळांची, आणि सगळ्यांना जायचंय तिथेच. त्यात २०२२ मध्ये वर्ग लहान करण्याचा कायदा झाला. चौथी ते आठवीच्या वर्गात २३ हून जास्त मुलं नकोत, २०२८ पर्यंत सगळीकडे, असं तेव्हा ठरलं. या कायद्याचं मी आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये उभं राहून भाषण ठोकून स्वागत केलं होतं. खिडकीत बसून शिकलेला माणूस आणखी काय म्हणणार? पण नावाजलेल्या शाळेत तीसचे तेवीस झाले की सात मुलं दारात राहतात, हे गणित मला एप्रिलपर्यंत सुचलं नव्हतं. वर्ग तेवीसचाच हवा, पण चोविसाव्याला आत घेऊन.

निकाल एप्रिलमध्ये आला. मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून उघडला. सातवी पसंती. घरासमोरची.

सहा महिने, एकोणीस रकाने, नऊ शाळांची जिम आणि एक नोबेल पारितोषिक खर्ची घालून मुलाला जी शाळा मिळाली ती आमच्या स्वयंपाकघरातून दिसते. कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंत तो वर्गात पोचेल. तिसऱ्या मजल्यावरच्या बांगलादेशी भाभींच्या मुलीचा नंबर शून्याने सुरू होत होता, तिला पहिली पसंती मिळाली. ती आता सहाला उठून एक ट्रेन आणि एक बस करणार. भाभी मला लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा मी त्यांचं अभिनंदन केलं आणि त्यांनी माझं. दोघांचेही चेहरे दुसऱ्याच्या घरी जास्त साखर असल्यासारखे.

चिरंजीवांना सांगितलं तर त्यांनी मान वर न करता विचारलं, “तिथे लॉकर आहेत ना?”

“आहेत.”

“मग मी तेव्हाच म्हणालो होतो.”

रात्री आईचा फोन. मी ठरवलं होतं की आता तिला सगळं नीट, पहिल्यापासून समजावून सांगायचं. गेल, शॅप्ले, सी४, सगळं. तेवढ्यात तिने विचारलं, “मग? पहिली शाळा मिळाली ना?”

“नाही गं. सातवी.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग अण्णांना ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, “बघा, शहात्तर टक्के मिळवूनही सातवी. काय कॉम्पिटिशन आहे हो त्या अमेरिकेत!” आणि माझ्याकडे वळून, दबक्या आवाजात, “कुणाला सांगू नकोस. मी दोन किलो वाटलेत.”